सहकारी उजेड

'सहकारी' हा शब्द कानावर आला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी साखर कारखाना उभा राहतो. प्रवरानगरचा, नाहीतर आपल्या उमरखेड तालुक्यातला पोफाळीचा. त्यामागून सूतगिरणी, जिनिंग, पतसंस्था आणि वार्षिक सभेत हार घालून बसलेले अध्यक्ष. पदार्थविज्ञानातही हा शब्द आहे, पण तिथे अध्यक्ष नसतो. पुष्कळ अणू किंवा पुष्कळ बारीक कण ऊर्जा घेऊन एकमेकांशेजारी बसलेले असतात. ती ऊर्जा त्यांनी आपापल्या सवडीने, एकेकट्याने उजेडाच्या रूपात सोडायची, हा नेहमीचा रिवाज. पण काही वेळा ते सगळे मिळून एकाच झोतात ती सोडून देतात. याला सहकारी प्रकाश-उत्सर्जन म्हणतात.

ही कल्पना १९५४ सालची. 'क्वांटम डॉट' नावाच्या घन पदार्थातल्या सूक्ष्म ठिपक्यांत ती दिसायला नवे शतक उजाडावे लागले, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या पुण्या-मुंबईतही आहे. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. तरी या विषयाची ओढ मला लागली ती त्यातल्या एका साध्या प्रश्नामुळे. उजेड पडला हे खरे, पण तो दिला कोणी?

सुरुवात बांगडीपासून करू. यवतमाळच्या बाजारात मणियाराच्या दुकानात टांगलेले काचेच्या बांगड्यांचे तोडे बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादहून येतात. त्यातला हिरवा चुडा वेगळ्या कुळातला. क्रोमियम, तांबे अशा धातूंनी काचेला तो रंग येतो. आपल्या गोष्टीला हव्यात त्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल बांगड्या. अशा काचेत कॅडमियम, गंधक आणि सेलेनियम घालण्याची रीत जुनी आहे. काच करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट ठाऊक होती. भट्टीतून निघालेली ही काच आधी फिकी दिसते. तीच पुन्हा तापवली की रंग चढतो. किती तापवली आणि किती वेळ तापवली, त्यावर पिवळा की लाल हे ठरते. माल तोच, मसाला तोच, रंग मात्र वेगळा. कारागिराला त्याचे कारण विचारायची गरज नव्हती. रंग हवा तसा आला की त्याचे काम झाले.

कारण विचारले ते लेनिनग्राडमधल्या अलेक्सेई एकिमोव यांनी. वाव्हिलोव्ह यांच्या नावाच्या सरकारी प्रकाशशास्त्र संस्थेत ते होते. एकाच पदार्थाने रंगवलेली काच वेगवेगळ्या रंगांची का होते, हे त्यांना पटेना. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी स्वतः काच करायला घेतली. तीत कॉपर क्लोराइड घातले आणि ५०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, कधी १ तास तर कधी ९६ तास तापवली. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा दिसले की काचेच्या पोटात कॉपर क्लोराइडचे स्फटिक वाढले आहेत. काही २ नॅनोमीटरचे, काही ३० नॅनोमीटरपर्यंतचे. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून अंदाज करा. स्फटिक जितका लहान, तितका त्याचा रंग निळ्याकडे सरकलेला. इलेक्ट्रॉनला कोंडलेली जागा लहान झाली की त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या उंच होतात, आणि उंच पायरीवरची उडी म्हणजे निळा प्रकाश. तबल्याचे तोंड लहान म्हणून आवाज उंच, डग्ग्याचे मोठे म्हणून खर्जातला, तसेच काहीसे. एकिमोव आणि त्यांचे सहकारी ओनुश्चेन्को यांनी हे १९८१ साली सोव्हिएत नियतकालिकात छापले. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर एफ्रोस यांनी त्याचे गणित मांडले.

ते नियतकालिक अमेरिकेत सहज मिळत नव्हते. शीतयुद्धाचे दिवस. तिकडे बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना हे काहीच माहीत नव्हते. कॅडमियम सल्फाइडचे बारीक कण पाण्यासारख्या द्रवात करून सूर्यप्रकाशाच्या मदतीने रासायनिक क्रिया घडवता येते का, हे ते बघत होते. द्रव मेजावर तसाच राहिला आणि परत तपासला तेव्हा त्याचे प्रकाशाचे गुण बदलले होते. कण वाढले होते. ताजे असताना सुमारे ४.५ नॅनोमीटरचे, नंतर १२.५ नॅनोमीटरचे. १९८३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. काचेत अडकलेल्या कणांचा उपयोग मर्यादित होता, द्रवातले कण मात्र हवे तिथे ओतता येतात. ब्रूस यांच्या हाताखाली काही काळ काम केलेले मुंगी बावेंडी, ट्युनिशियन वडिलांचा पॅरिसमध्ये जन्मलेला मुलगा, एमआयटीत गेले आणि १९९३ साली त्यांच्या गटाने हे कण जवळपास एका मापाचे करण्याची युक्ती शोधली. गरम द्रवात कच्चा माल एकदम टोचायचा, म्हणजे सगळ्या कणांचा जन्म एकाच वेळी होतो. एकिमोव, ब्रूस आणि बावेंडी या तिघांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ओनुश्चेन्को आणि एफ्रोस त्या यादीत नाहीत. नोबेल तिघांपलीकडे देत नाहीत, हा नियम आहे. इतिहास त्या नियमाने चालत नाही.

इथवर ठिपका एकटा आहे. त्याला ऊर्जा द्या, तो आपल्या मापाप्रमाणे आपला रंग देईल. शेजारच्याशी त्याला कर्तव्य नाही. सहकाराची गोष्ट दुसरीकडून, दुसऱ्या माणसाकडून येते.

त्याआधी दोन शब्द आइन्स्टाइनविषयी. १९१६-१७ साली त्यांनी मांडले की ऊर्जा घेतलेला अणू कधीतरी आपोआप प्रकाश सोडतो. नेमका कधी, ते सांगता येत नाही, फक्त संभव सांगता येतो. पुढची तीस-पस्तीस वर्षे सगळ्यांनी धरून चालले की हजार अणू असतील तर हजार स्वतंत्र गोष्टी. प्रत्येकाची वेळ वेगळी, प्रत्येकाचा उजेड त्याचा त्याचा.

रॉबर्ट डिक यांना हे मान्य नव्हते. १९१६ सालचा त्यांचा जन्म. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत त्यांनी रडारवर काम केले होते आणि नंतर ते प्रिन्स्टनला आले. रडारच्या माणसाला एक गोष्ट हाताच्या रेषांसारखी ठाऊक असते. अनेक अँटेना तालात चालवल्या तर त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि मग अमुक लहर कोणत्या अँटेनाची हा प्रश्नच उरत नाही. नारायणगावजवळ खोडद इथे आपल्याकडची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून आलेले त्यांचे संकेत तालात जुळवून बेरीज करता येतात, तेव्हा त्या तीस न राहता एक होतात. डिक यांनी विचारले, अणू म्हणजे तरी काय? एक चिमुकली अँटेनाच. मग शेजारीशेजारी बसलेले अणू सुटे सुटे कसे वागतील?

त्यांचा लेख जानेवारी १९५४मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये आला. त्यातला सुरुवातीचा विचार इतका साधा आहे की मला तो कुठल्याही शेरापेक्षा कमी वाटत नाही. त्यांनी न्यूट्रॉनचे उदाहरण घेतले आहे, आपण अणू म्हणू. एक अणू जागा, म्हणजे ऊर्जा घेतलेला. एकटा असेल तर तो आज ना उद्या उजेड देणारच. आता त्याच्या अगदी जवळ तसाच दुसरा, झोपलेला अणू आणून ठेवा. झोपलेल्याकडे द्यायला काही नाही, म्हणून तुम्ही म्हणाल काहीच फरक पडणार नाही. डिक म्हणाले, पडतो. दोघे इतके सारखे आणि इतके जवळ आहेत की जागा कोणता हे उजेडाला कळत नाही. मग हिशेब त्या जोडीचा करावा लागतो. आणि जोडीचा हिशेब असा निघतो की निम्म्या वेळा उजेड दुप्पट वेगाने बाहेर पडेल आणि निम्म्या वेळा तो बाहेर पडणारच नाही, जोडीतच अडकून राहील. म्हणजे सहकारातून अंधारही तयार होऊ शकतो. सहकारी संस्थांची आपली ओळख असल्यामुळे आपल्याला याचे नवल वाटायचे कारण नाही.

उजेडाच्या बाजूचा हिशेब असा. दहा दिवे लावले की एकाच्या दहापट उजेड, हे घरातले गणित. पण दहा लहरी तालात उठल्या तर लहरीची उंची दहापट होते आणि उजेड उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शंभरपट. हजार कण असतील तर दहा लाखपट. ही जादा ऊर्जा आली कुठून? कुठूनच नाही. धरणातले पाणी तेवढेच असते. कालव्याने सोडले तर आठवडा पुरते, दारे उघडली तर तासाभरात निघून जाते आणि त्या तासात नदीचे पात्र ओळखू येत नाही. दहा कणांची ऊर्जा एका दशांश वेळात बाहेर आली, म्हणून त्या क्षणापुरता झोत शंभरपट. डिक यांनी याला 'सुपररेडियन्स' म्हटले.

यातलाच एक प्रकार मला जास्त मोहवतो. त्यात सुरुवातीला कणांमध्ये ताल अजिबात नसतो. सगळ्यांना ऊर्जा मिळालेली आहे, पण ज्याचा त्याचा सूर निराळा. काही क्षण जवळपास शांतता. मग कुठेतरी योगायोगाने एक फोटॉन सुटतो, त्याचा स्पर्श शेजाऱ्यांना होतो, त्यांचा त्यांच्या शेजाऱ्यांना, आणि अचानक सगळा समुदाय एका झोतात उजळून जातो. मिलानच्या बोनिफाचो आणि लुजातो या दोन सैद्धांतिक अभ्यासकांनी १९७५ साली याला 'सुपरफ्लुओरेसन्स' हे वेगळे नाव दिले.

विदर्भात ज्याने एकदा तरी मुशायरा ऐकला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. शायर शेराची पहिली ओळ म्हणतो. सभागृह गप्प. तो ती पुन्हा म्हणतो. दुसरी ओळ काफियाकडे वळू लागते, आणि रदीफ येण्याच्या क्षणी चारशे माणसे एका आवाजात ती उच्चारतात. इशारा कोणी केलेला नसतो. कोणाचा आवाज आधी निघाला, हे पहिल्या रांगेतल्यालाही सांगता येत नाही. काजव्यांचे उदाहरण लोक अशा वेळी देतात, भंडारदऱ्याकडे मेअखेरीस झाडेच्या झाडे लुकलुकतात ते. दिसायला सुंदर आहे, पण ते इथे बसत नाही. काजवा दुसऱ्याला पाहून आपली वेळ जुळवतो, पण त्याचा उजेड त्याच्याच पोटातला राहतो. हजार काजवे म्हणजे हजारपटच उजेड. वर्गाचा हिशेब तिथे लागत नाही.

डिक यांचे भाकीत प्रयोगात उतरायला जवळपास वीस वर्षे लागली. १९७३ साली एमआयटीत स्क्रिबानोविट्झ, हर्मन, मॅकगिलिव्हरे आणि फेल्ड यांनी हायड्रोजन फ्लोराइड वायूत तो विलंब आणि त्यानंतरचा झोत टिपला. उजेड डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त जातीचा होता. त्याच काळात या विषयाच्या गणितावर एक भारतीय नाव ठळकपणे दिसते, गिरीश अग्रवाल यांचे. मूळचे बरेलीचे, १९७०च्या दशकात काही वर्षे त्यांनी मुंबईत काम केले. आपोआप होणाऱ्या प्रकाश-उत्सर्जनाच्या सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ १९७४ साली जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनाने काढला आणि सहकारी उत्सर्जन हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे.

वायूत जमले, कारण वायूतले अणू तंतोतंत सारखे असतात. सृष्टीने हायड्रोजनचे दोन अणू वेगळ्या मापाचे केलेले नाहीत. घन पदार्थात मात्र दोन अडचणी. पहिली म्हणजे तिथे सारखी थरथर असते, उष्णतेची. ताल जुळतो न जुळतो तोच मोडतो. दुसरी अडचण अधिक अवघड. क्वांटम डॉट माणसाच्या हातचा, भट्टीत किंवा चंबूत वाढलेला. त्यात थोडे लहान-मोठे होणारच, आणि माप बदलले की रंग बदलला, हे तर आपण बांगडीच्या काचेपासून पाहत आलो. ज्यांचे सूर वेगळे त्यांचा ताल एक झाला तरी आवाज एक होत नाही. बावेंडींच्या युक्तीने हा फरक बराच कमी झाला, संपला नाही. २००७ साली जर्मनीत शाइबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या ठिपक्यांत सुपररेडियन्सच्या खुणा दाखवल्या; ठिपके एकमेकांना दीडशेक नॅनोमीटर अंतरावरून जाणवतात असे त्यांना आढळले. खुणा होत्या, पण रंगांचा फरक आड येतच होता.

आपल्याकडे या कणांवरचे काम तोवर रुजले होते. तेव्हाच्या पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी, मूळच्या वाईच्या, १९९०च्या दशकात झिंक सल्फाइडचे नॅनोकण रासायनिक पद्धतीने तयार करत होत्या आणि त्यांच्या उजेडाचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की या कणांत लोह किंवा निकेलचा अंश मिसळला की त्यांचा उजेड मंदावतो. नॅनोतंत्रज्ञानावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक विद्यापीठांतल्या मुलांनी वाचले आहे. यातली अवघड गोष्ट कण तयार करणे नसून त्यांना एकमेकांना चिकटू न देणे ही आहे, हे त्या काळातल्या अशा प्रत्येक प्रयोगशाळेने अनुभवले. म्हणून कणाभोवती कसल्यातरी सेंद्रिय रेणूंचे आवरण घालतात. हे आवरण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता २०१५ साल. त्या वर्षाच्या सुरुवातीला झुरिकच्या माक्सिम कोव्हालेंको यांच्या गटाने एका नव्या पदार्थाचे नॅनोकण केले. सिझियम, शिसे आणि ब्रोमीन यांचा हा पदार्थ. त्याची अंतर्गत रचना पेरोव्स्काइट नावाच्या खनिजासारखी. ते खनिज १८३९ साली उरल पर्वतात सापडले आणि एका रशियन उमरावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. या कणांचा हिरवा उजेड अतिशय प्रखर होता. त्याच वर्षी पुण्याच्या आयसर या संस्थेतले अंशुमन नाग आणि मुंबईच्या आयआयटीतले अरिंदम चौधुरी यांच्या गटांनी मिळून या कणांची कसून तपासणी प्रसिद्ध केली. त्या लेखावर सहा नावे आहेत: अभिषेक स्वर्णकार, रम्या चुल्लियिल, विकाश कुमार रवी, मीर इरफानुल्लाह, चौधुरी आणि नाग. कणाकणाचा हिशेब ठेवणाऱ्या कामात पहिले नाव स्वर्णकार असावे, याची मला गंमत वाटते.

त्यांनी काय पाहिले? कण सुमारे ११ नॅनोमीटरचे. प्रकाशाचे शंभर फोटॉन शोषले तर नव्वदच्या आसपास परत देणारे. जुने ठिपके मधेच विझत-पेटत राहायचे, हे तसे फारसे करत नव्हते. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी एकट्या कणाचा उजेड वेगळा मोजला आणि असंख्य कणांच्या समुदायाचा वेगळा मोजला. जुन्या ठिपक्यांत समुदायाचा रंग नेहमी पसरट निघायचा, कारण प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा. इथे दोन्ही मोजमापे जवळजवळ सारखी आली. समुदायाचा सूर तोच, जो एकट्याचा.

म्हणजे हे कण तंतोतंत एका मापाचे होते का? नाही. लहान-मोठेपणा त्यांच्यातही होता. पण या पदार्थात ११ नॅनोमीटरची खोली इलेक्ट्रॉनला पुरेशी ऐसपैस पडते, भिंत थोडी मागेपुढे झाली तरी त्याच्या सुरात फरक पडत नाही. वीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ सगळ्यांना एका मापात कापायच्या मागे होते. इथे मापातला फरक तसाच राहिला आणि त्याला महत्त्व उरले नाही. मी ज्या समाजात वाढलो आणि ज्या भाषेत लिहितो त्यांच्या मधल्या जागेवर उभे राहून पाहताना, या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. 'आमच्यासारखे व्हा, मग एकत्र येऊ' असे म्हणणारे मला दोन्हीकडे भेटले आहेत. कणांवरून माणसांचे काही सिद्ध करू नये हे मला कळते, पण थांबलो होतो एवढे खरे.

पुढची पायरी तीन वर्षांनी आली. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके नेमक्या ओळीत मांडते, रेषा नंतर. झुरिकमधल्या गाब्रिएले राइनो, थिलो श्टोफर्ले, मारिना बोद्नारचुक, कोव्हालेंको आणि त्यांच्या साथीदारांनी तसेच केले, मात्र हाताने नव्हे. सिझियम-शिसे-ब्रोमाइडचे चौकोनी कण टोल्युइन या द्रवात सोडले, थेंब सिलिकॉनच्या चकतीवर ठेवला आणि द्रव हळूहळू उडून जाऊ दिला. घाई केली असती तर गाळ झाला असता. सावकाश वाळल्यावर कणांनी आपणच ओळी धरल्या, ओळीवर ओळी, थरावर थर, नमाजाच्या सफांसारख्या, खांद्याला खांदा लावून. असा एकेक गठ्ठा काही मायक्रोमीटरचा झाला. हिरव्या प्रकाशाच्या लहरीची लांबी पाचशे नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे एका लहरीच्या लांबीत चाळीसेक कण ओळीने बसतात. डिक यांना हवे होते तितके जवळ. तुलनेसाठी सांगतो, हे भाषण ज्या एफएमवरून ऐकले जाते त्याची लहर साधारण ३ मीटर लांब असते, तिच्यात मोजकीच माणसे आडवी रांगेत उभी राहतील.

मग सगळे ६ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६७ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले, थरथर थांबावी म्हणून, आणि लेझरचा ठोका दिला. उजेड नेहमीपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने बाहेर आला. प्रखर ठोक्यावर आधी विलंब, मग झोत, आणि झोतामागून उमटलेले लहान पडसाद, वायूच्या प्रयोगांतून ओळखीचे झालेले. २०१८च्या नोव्हेंबरात 'नेचर'मध्ये हे आले. चंबूत वाढवलेल्या ठिपक्यांचा सहकारी उजेड इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसला होता.

डिक ते पाहायला नव्हते, १९९७ साली ते वारले. विश्वाच्या जन्माची ऊब शोधायची तयारीही त्यांनी केली होती, पण १९६५ साली ती आधी पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनाला लागली आणि १९७८चे नोबेल त्या दोघांना मिळाले. त्या अँटेनात आलेली खरखर म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगणाऱ्या गटाचे प्रमुख डिकच होते. ज्याने सिद्ध केले की उजेड कोणाचा हे विचारता येत नाही, त्याच्या बाबतीत जगाने ते जरा जास्तच मनावर घेतले.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०२२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात केनान गुंदोगदू आणि साथीदारांनी पेरोव्स्काइटच्या एका जातीच्या पातळ थरात, ठिपक्यांत नव्हे, खोलीच्या तापमानालाच असा सामुदायिक झोत दाखवला. एवढ्या थरथरीत ताल टिकतो कसा, यावर अजून चर्चा चालू आहे. २०२४ साली पुन्हा झुरिकहून बातमी आली की तीसेक नॅनोमीटरच्या मोठ्या एकट्या ठिपक्याच्या आतही असेच काही घडते. त्याच्या पोटातले असंख्य घटक मिळून एकच फोटॉन देतात आणि तोही सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दहाव्या हिश्शाहून कमी वेळात. एकेक फोटॉन हुकमी हातात हवा असलेल्या नव्या संगणकांच्या आणि गुप्त संदेशांच्या लोकांचे म्हणून याकडे लक्ष आहे.

अडचणी आहेतच. या पदार्थात शिसे आहे, जसे लाल बांगडीच्या काचेत कॅडमियम. दोन्ही अंगाला चांगली नाहीत. पाण्याशी या कणांचे जमत नाही, आपल्याकडच्या जुलै महिन्यात ते उघडे टिकणार नाहीत. आणि एक अडचण मघाच्या त्या आवरणाची. ओळीत मांडलेल्या दोन कणांमध्ये तेलकट रेणूंचा पातळ पडदा असतो, अवघा दोनेक नॅनोमीटरचा. दिवस गेले की हा पडदा विरतो. शेजारचे कण एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यांचा एक मोठा स्फटिक होतो. तो उजेड देतो, पण रंग बदललेला, आणि सहकार गेलेला. म्हणून कण ओळीत बसवण्याइतकेच कष्ट आता त्या प्रयोगशाळांतले लोक त्यांच्यामधले ते दोन नॅनोमीटर राखण्यासाठी घेत आहेत.